गाईच्या अंगातलं घड्याळ: नव्यानं गोठा टाकलाय त्यांच्यासाठी

पहिली एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दुधाची विलायती जात) गाय आणली तेव्हा महिनाभर माझं आणि डेअरीवर फॅट काढणाऱ्या पोराचं रोज वाजायचं. सकाळची स्लिप ३.४, संध्याकाळची ४.१. गाय तीच, वैरण तीच, किटली तीच, पाण्याचा थेंब घातलेला नाही, मग सकाळचा फॅट जातो कुठं? मी त्याला सरळ म्हणलं, तू सकाळी झोपेत मशीन चालवतोस. बिचारा काय बोलणार, गावातलाच, नात्यानं दीर लागतो. शेवटी आमच्या डॉक्टरांनी, ते शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले, त्यांनी समजावलं की वहिनी मशीन बरोबर आहे, तुमची गायच सकाळी पातळ आणि संध्याकाळी दाट दूध देते, तिच्या अंगात घड्याळ आहे आणि ती त्यावर चालते. तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला. त्या दिराला मी नंतर दिवाळीचा फराळ जरा जास्तच पाठवला.

मी वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठचं गाव, चारी बाजूनं ऊस. आज दावणीला सहा गाई, दोन म्हशी, तीन कालवडी आहेत. मी काय डॉक्टर नाही, घरचं आवरून गोठा बघणारी बाई आहे, त्यामुळं औषधाचं मला विचारू नका. मी सांगणार ते दिवसाची कामं कुठल्या वेळी लावायची एवढंच. हार्मोन म्हणलं की लोकांना लगेच इंजेक्शन आठवतं, पण गाईच्या अंगात हार्मोन रोज आपापल्या वेळेला चढतात उतरतात, आपण फक्त मधे कडमडायचं नाही आणि जमलं तर हातभार लावायचा.

आधी हे घड्याळ असतं कुठं

गाईच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका असतो, तेच मुख्य घड्याळ. डोळ्यात उजेड शिरला की त्याला दिवस कळतो, अंधार पडला की ते पिनिअल नावाच्या ग्रंथीला निरोप देतं आणि ती ग्रंथी मेलाटोनिन सोडायला लागते. रात्रभर मेलाटोनिन वर, उजाडलं की खाली. रात्र किती लांब होती हे गाईच्या अंगाला यावरूनच कळतं आणि त्यावरून पुढं प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ असली दुधाशी संबंध असलेली हार्मोन कमीजास्त होतात. गंमत बघा, हे मेलाटोनिन जगात पहिल्यांदा वेगळं काढलं तेच मुळी गाईगुरांच्या पिनिअल ग्रंथींतून, १९५८ साली, अमेरिकेत येल विद्यापीठात, ॲरन लर्नर म्हणून कातडीचे डॉक्टर होते त्यांनी. म्हणजे आज लोक झोपेची गोळी म्हणून जे खातात त्याचं मूळ गोठ्यातच आहे.

पण घड्याळ एकच नसतं. लिव्हरला स्वतःचं आहे, कासेला स्वतःचं आहे, आणि ही खालची घड्याळं उजेडापेक्षा वैरणीच्या वेळेवर जास्त लागतात, कारण खाणं झालं की इन्सुलिन हलतं आणि तिथून पुढची साखळी सुरू होते. मेंदूतलं घड्याळ एक वेळ दाखवतंय आणि पोटातलं दुसरीच, असं झालं की दूध आणि फॅट दोन्ही लटपटतात. कॉर्टिसोलचं मात्र वेगळं आहे. माणसात ते सकाळी चांगलं जोरात चढतं, गाईत हा रोजचा चढउतार फिका असतो, तिचं कॉर्टिसोल घड्याळापेक्षा भीतीनं, उन्हानं आणि काठीनं चढतं.

तर आपल्या हातात तीन दोऱ्या: धार, वैरण, उजेड. त्याच क्रमानं जाऊया.

पायरी १: आठ दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा

पोराची जुनी वही घ्या. गाईचं नाव, धार किती वाजता सुरू, किती लिटर, स्लिपवरचा फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घट्ट भाग), वैरण किती वाजता पडली, गोठ्यातली लाईट कधी लावली कधी बंद केली. बास. आठ दिवसानं वही उघडून बघा, मी सांगते तुम्हाला लाज वाटेल. मला वाटायचं आमची संध्याकाळची धार पाचला होते. वहीत बघते तर पावणेपाच, सव्वासहा, पाच, सात दहा (त्या दिवशी बचत गटाची मीटिंग होती), साडेपाच. आणि वर मीच म्हणत होते गाय लहरी आहे.

पायरी २: दोन धारांच्या मधलं अंतर

आमचं काय व्हायचं, सकाळची धार सातला आणि संध्याकाळची पाचला. म्हणजे दिवसाचं अंतर दहा तास आणि रात्रीचं चौदा. रात्रीत दूध जास्त साठतं, आणि जेवढा वेळ जास्त तेवढा फॅटचा टक्का खाली येतो. हा झाला सरळ हिशोब. पण बारा-बारा तासावर धार काढली तरी सकाळचं दूध जास्त आणि संध्याकाळचा फॅट जास्त हा फरक थोडा राहतोच, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठात यावर बरंच काम झालंय, कासेचं स्वतःचं रोजचं चक्र आहे आणि फॅट संध्याकाळकडं चढतो. त्यामुळं नवीन माणसानं सकाळच्या स्लिपची तुलना कालच्या सकाळशी करायची, संध्याकाळची संध्याकाळशी. सकाळ-संध्याकाळ तुलना करून डेअरीत भांडायला जाऊ नका, मी जाऊन आलेय.

आपल्याकडं गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, त्याच्या खाली गेलं की कापाकापी, म्हणून सकाळची स्लिप ३.५ च्या वर ठेवणं महत्त्वाचं. मी सकाळची धार पावणेसहाला आणली आणि संध्याकाळची साडेपाचला नेली. एका दिवसात नाही हं. रोज पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त सरकवू नका, नाहीतर दोन-तीन दिवस गाई दूध चोरतात आणि तुम्ही घाबरून परत जुन्या वेळेवर येता. महिन्याभरानं सकाळची ३.६, संध्याकाळची ३.९ लागायला लागली. लिटरमधे फार फरक नाही पडला, खरं सांगते.

यात्रा, लग्न, गणपती, काही असो, धार अर्ध्या तासाच्या पलीकडं हलवायची नाही. आमच्या घरात आता लग्नाला जायचं तर एक माणूस मागं राहतो, आणि आमचे हे दर वेळेला स्वतःहून मागं राहायला तयार असतात, ते गाईसाठी का पाहुण्यांना टाळायला, देव जाणे.

पायरी ३: पान्हा, म्हणजे पाच-सात मिनिटांचा खेळ

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाईच्या कासेत जे दूध असतं त्यातलं साधारण पाचातला एक भाग सडाच्या वरच्या पोकळीत असतो, तो लगेच येतो. उरलेलं बारीक बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं. सडाला हात लागला, ओळखीचा आवाज आला, वासरू दिसलं, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तातून कासेत येतं आणि त्या पिशव्या पिळून दूध खाली ढकलतं. यालाच आपण पान्हा सोडणं म्हणतो. हात लावल्यापासून पान्हा यायला साधारण एक ते दीड मिनिट लागतं, आणि सोडलेलं ऑक्सिटोसिन पाच-सात मिनिटंच काम करतं, नंतर ओसरतं. सगळी धार त्या वेळेत बसवायची.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांची पद्धत बघितली तर ऑक्सिटोसिनचा धडा त्यातच आहे. गाईजवळ येताना लांबूनच "ये गं बये" म्हणायचं. बादली खाली ठेवताना आवाज नाही करायचा. कोमट पाण्यानं सड धुवायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, प्रत्येक सडातल्या चार-पाच धारा वेगळ्या भांड्यात काढायच्या. त्या भांड्यात दुधात गाठी, पाणी दिसलं तर दगडीची (कासेच्या सुजेची) सुरुवात, तिथंच कळतं. मग हात पुसायचे, पदर खोचायचा, आणि एवढ्यात सड फुगून टणक झालेले असतात, चारही सडांवर तकाकी येते, एखाद्या सडातून आपोआप थेंब पडतो. त्या क्षणाला बसायचं. मशीन असेल तर त्या क्षणाला लावायची. आमच्या भावजींना घाई, ते धुतलं की लगेच मशीन लावायचे, मग पहिलं दूध येऊन थांबायचं, मशीन रिकामी ओढायची, सडाला त्रास, आणि पान्हा येईपर्यंत गाय पाय झाडायला लागायची. आता मी मोबाईलवर दीड मिनिट लावून ठेवते, तो वाजल्याशिवाय क्लस्टरला (मशीनचे सडांना लावायचे कप) हात लावू देत नाही.

आणि दुसरी बाजू. गाय घाबरली की ॲड्रिनॅलिन सुटतं आणि ते पान्हा अडवतं. मिनेसोटात १९४१ साली यावर प्रयोग झाला, गाईच्या पाठीवर मांजर सोडलं आणि दोन मिनिटं दर दहा सेकंदाला कागदी पिशवी फोडली. दूध काही उतरलं नाही. आपल्याकडं पिशवी फोडायची गरज नाही, धारेच्या वेळेला कुणीतरी ट्रॅक्टर रेस करतं, कुत्रं भुंकतं, नाहीतर घरातलंच कुणी गाईच्या पाठीत गुद्दा घालतं. पान्हा अडला की जे आत राहतं ते शेवटचं दूध असतं, आणि फॅट सगळा त्याच दुधात. पहिल्या धारांत फॅट एक-दोन टक्के, शेवटच्या धारांत आठ-दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे एक गुद्दा मारला की स्लिपवर तो दिसतो.

म्हशीचं वेगळं. तिच्या वरच्या पोकळीत दूध जवळजवळ नसतंच, वीसातला एक भाग, त्यामुळं पान्हा येईपर्यंत कोरडे सड ओढत बसू नका, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त थांबा, थोडी पेंड समोर ठेवा, रेडकू असेल तर लावा.

इंजेक्शनबद्दल एकदाच बोलते. धारेच्या आधी ऑक्सिटोसिन टोचणारे आहेत, सगळ्यांना माहिती आहे कोण. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम १२ मधे दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं काही टोचण्याला बंदी आहे, आणि हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नसतं. व्यायल्यावर वार अडकली, पान्हाच येत नाही, असल्या वेळी डॉक्टर देतात ती गोष्ट वेगळी. रोज टोचलं की गाईची कास स्वतःच्या ऑक्सिटोसिनला दाद देईनाशी होते, मग सुई नसली की दूध नाही. असली गाय बाजारात विकायला येते तेव्हा नवीन माणूस फसतो. म्हणून गाय घेताना दोन वेळची धार स्वतः समोर बसून बघा आणि धारेच्या आधी अर्धा तास गोठ्यात हजर राहा.

पायरी ४: वैरण, आणि थ्री फेजचं त्रांगडं

गाय मुळात पहाटे आणि दिवस मावळताना जास्त खाणारी, दुपारी बसून आणि रात्री निवांत रवंथ करणारी. ताजी वैरण पडली की ती उठते, म्हणजे वैरणीची वेळ तुम्ही ठरवता आणि तिची खालची घड्याळं तुमच्या मागं येतात. म्हणून वेळ एक धरा.

सांगायला सोपं आहे, आमच्याकडं काय व्हायचं ते ऐका. कुट्टी मशीन थ्री फेजवर, शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात कुट्टी सकाळी दहाला, रात्रीच्या आठवड्यात कुट्टी रात्री अकराला नाहीतर पहाटे, आणि कुट्टी झाली की लगेच गव्हाणीत. म्हणजे दर आठवड्याला आम्ही गाईंना मुंबईहून लंडनला पाठवायचो आणि परत आणायचो. वर ऊसतोडीच्या सीझनला वाडं (उसाचे हिरवे शेंडे) कधी येईल त्याचा नेम नाही, मोळ्या आल्या की टाकल्या. फॅट एक आठवडा वर एक आठवडा खाली, आणि मी पेंडीची कंपनी बदलतेय!

उपाय साधा निघाला. कुट्टी कधीही करा, टाकायची ती वेळेवरच. आजची कुट्टी उद्याला, पातळ पसरून सावलीत, ढीग करून ठेवायची नाही नाहीतर तापते. पुढच्या वर्षी मक्याचा मुरघास (हवाबंद बॅगेत मुरवलेली हिरवी वैरण) केला तेव्हा हा प्रश्नच मिटला, बॅग उघडायची आणि घालायची. वाडं आलं तरी ते दुपारच्या ठरलेल्या टोपल्यातच मोजून.

आमच्या वेळा: सकाळी धार झाल्यावर साडेसहाला पहिली वैरण, म्हणजे गाय उभी राहते आणि सडाची तोंडं मिटेपर्यंत शेणात बसत नाही, हा वेगळा फायदा. साडेअकराला थोडी. संध्याकाळी धारेनंतर मोठी, आणि रात्री नऊला गव्हाणीतली पुढं ढकलायची. पेंड एकदम ओतू नका, दोन-तीन वेळा विभागून, एकदम ओतली की पोटात आम्ल वाढतं आणि फॅट पडतो.

उन्हाळ्यात मात्र गणित बदला. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी गाईच्या पोटात उष्णता जास्तीत जास्त तयार होते. एप्रिलमधे सकाळी दहाला भरपेट घातलं तर ती उष्णता नेमकी दुपारी दोनच्या उन्हात भेटते. म्हणून मार्च ते मे निम्म्याहून जास्त वैरण संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे. दुपारी फक्त पाणी, सावली, अंगावर पाणी आणि फॅन.

पायरी ५: उजेड (आणि बिबट्या)

आमच्याकडं ऊसात बिबट्या असतो, शिराळा, वाळवा, कराडच्या पट्ट्यात हे काय नवीन नाही. तीन वर्षांमागं शेजारच्या वस्तीवरची शेळी नेली, आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी गोठ्यात दोन मोठे हॅलोजन लावले, रात्रभर चालू. गोठा कसा, लग्नाचा मांडव. आम्ही निवांत झोपलो आणि गाईंची रात्रच गेली.

रात्रभर उजेड म्हणजे मेलाटोनिनला वर चढायला जागाच नाही, आणि अंगाला दिवस-रात्र कळेनासं होतं. उजेडानं दूध वाढतं हे खरं आहे, पण अंधार पण लागतो. अमेरिकेत मिशिगनमधे १९७८ पासून यावर प्रयोग झालेत, दुभत्या गाईंना १६ तास उजेड आणि ८ तास अंधार दिला तर त्या सरासरी दोन-अडीच लिटर जास्त देतात, आणि २४ तास उजेड ठेवला तर तो फायदा मिळत नाही. आपल्याकडं सांगली-साताऱ्यात दिवस डिसेंबरमधे अकरा तासाचा आणि जूनमधे तेरा तासाचा, म्हणजे तीन ते पाच तास उजेड वरून लागतो.

करायचं काय: पहाटे पाचला लाईट लावा, उजाडलं की बंद. दिवस मावळताना लावा, रात्री नऊला बंद. पाच ते नऊ, सोळा तास झाले. उजेड गाईच्या डोळ्याजवळ दीडशे-दोनशे लक्स (उजेडाचं माप) हवा, मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप फुकट मिळतं, गव्हाणीजवळ गाईच्या डोळ्याच्या उंचीला धरून बघा, अंदाज येतो. नुसता एक पिवळा बल्ब मधे लटकलेला असेल तर तीस-चाळीसच भरतं, आमचं तसंच होतं. एलईडीच्या ट्यूब गव्हाणीच्या ओळीवर लावल्या. टायमर घेतला तर बॅटरी असलेला घ्या, साधा टायमर लाईट गेली की तिथंच थांबतो आणि आमच्याकडं लाईट जाते किती ते तुम्हाला सांगायला नको, एकदा आमचा पहाटे पाचचा उजेड सकाळी साडेआठला लागत होता आणि चार दिवस कुणाच्या लक्षात नाही.

फरक लगेच दिसत नाही, तीन-चार आठवडे थांबावं लागतं. आणि दूध वाढलं की गाय जास्त मागते, वैरण वाढवली नाही तर अंग तोडून देईल. आठ लिटरच्या गाईला वैरण अर्धीमुर्धी घालून वर ट्यूबलाईट लावून काही होणार नाही, तो खर्च करू नका, आधी पायरी दोन ते चार नीट करा.

आता भाकड गाईचं, म्हणजे व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या गाईचं, हे नीट वाचा कारण इथं उलटं आहे. आटवलेल्या गाईला लहान दिवस आणि लांब रात्र हवी. प्रयोगात आठ तास उजेड आणि सोळा तास अंधार दिलेल्या भाकड गाई पुढच्या वेतात दिवसाला तीनेक लिटर जास्त देतात असं दिसलंय. आपल्या उघड्या गोठ्यात आठ तासाचा दिवस करणं शक्य नाही, पण दिवस मावळल्यावर त्यांना ट्यूबखाली ठेवायचं नाही एवढं नक्की जमतं. आमच्या हॅलोजनच्या काळात लक्ष्मी भाकड होती, दोन महिने मांडवात उभी. व्याल्यावर मागच्या वेतापेक्षा दोन लिटर कमी. सगळा दोष मी लाईटवर घालणार नाही, त्या साली मुरघासाला बुरशी पण आली होती, पण तेव्हापासून भाकड गाई मी पलीकडच्या पडवीत बांधते.

बिबट्याचं काय केलं? गोठ्याला वरपर्यंत जाळी मारली आणि रात्री दार बंद. हॅलोजन बाहेर, तोंड ऊसाकडं, हालचाल झाली की लागणारा सेन्सर. तो बिबट्यापेक्षा मांजरानंच जास्त वेळा लागतो, असू दे. रात्री गाय बघायला जायचं तर मंद लाल बल्ब, पांढरी टॉर्च डोळ्यावर मारू नका.

मधे कुणीतरी विचारलं होतं की रात्रीच्या धारेत मेलाटोनिन जास्त असतं म्हणे, ते झोपेसाठी वेगळं विकता येईल का. जास्त असतं हे खरं. पण आपल्या डेअरीत त्याचा दर लागत नाही, आणि त्यासाठी रात्री दोनला कोण उठणार.

पायरी ६: माज बघायची वेळ

माज म्हणजे गाय गाभण राहायला तयार होते ती वेळ, आणि नवीन लोकांची सगळ्यात मोठी नुकसानी इथं होते. गाय दिवसा दहाला बघतात आणि म्हणतात माजावर येत नाही. माजाच्या खुणा रात्री आणि पहाटेच जास्त, उन्हाळ्यात तर दिवसा काहीच दिसत नाही, आणि जास्त दुधाच्या एचएफचा माज आठ-दहा तासातच संपतो. म्हणून दोनदा, पहाटे धारेच्या आधी आणि रात्री नऊ-दहाला, वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मोबाईल खिशात. बांधून ठेवलेल्या गाईचा माज ओळखणं अवघड, अर्धा तास मोकळ्या सोडा. दुसरी अंगावर चढली आणि ही गप्प उभी राहिली की पक्का माज. मागून लोंबणारा काचेसारखा चिकट सोट (स्राव), शेपटीच्या मुळाचे केस विस्कटलेले, दूध अचानक कमी, ही बाकीची लक्षणं.

माज सुरू झाला की एलएच नावाचं हार्मोन एकदम उसळतं, आणि माज लागल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी बीज सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम नेब्रास्कातल्या ट्रिम्बर्गरच्या १९४० च्या दशकातल्या कामावरून आलाय आणि अजून चालतो. डॉक्टरांना फोन करताना "गाय माजावर आहे" एवढंच सांगू नका, पहिल्यांदा किती वाजता दिसली ते सांगा. माजानंतर दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, माज होऊन गेला एवढाच अर्थ, तारीख लिहा आणि पुढच्या माजावर, एकविसाव्या दिवसाच्या आसपास, अठरापासून चोवीसपर्यंत लक्ष ठेवा.

म्हशी मुक्या माजाच्या, आणि त्या रात्री लांबायला लागल्या की जास्त माजावर येतात, दसऱ्यापासून पुढं थंडीभर. तेही मेलाटोनिनचंच काम. मे महिन्यात म्हैस माजावर येत नाही म्हणून तिला विकू नका.

पायरी ७: थर्मामीटर

थोडक्यात. गाईच्या अंगाचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त, थंडीत अर्धा-एक डिग्री फॅरनहाइटचा फरक, उन्हाळ्यात जास्त. निरोगी गाय १००.५ ते १०२.५ मधे असते. मी नवीन असताना एप्रिलमधे संध्याकाळी सहाला १०२.८ बघून डॉक्टरांना बोलावलं, ते आले, गाय आरामात रवंथ करत होती, चहा पिऊन गेले. पहाटे १०२.८ असती तर मात्र ती गोष्ट वेगळी. म्हणून रोज पहाटे, एकाच वेळी मोजा, निदान व्यायल्यानंतर दहा दिवस तरी.

आणि व्यायची वेळ

कॅनडात मॅनिटोबामधे गस कोनेफल म्हणून एक गुरं पाळणारा शेतकरी होता, त्यानं बघितलं की शेवटच्या महिन्यात गाईंना मुख्य वैरण उशिरा, रात्रीची दिली तर जास्त गाई दिवसा वितात. नंतर बऱ्याच ठिकाणी लोकांनी करून बघितलं आणि तसंच दिसलं. त्यांच्या गाई मांसाच्या जातीच्या, पण करून बघायला खर्च काहीच नाही, म्हणून मी शेवटचे चार आठवडे भाकड गाईंची मोठी वैरण रात्री साडेनऊला घालते, सकाळी हात आखडता.

आतापर्यंत तीन गाईंवर केलं. लक्ष्मी सकाळी नऊला व्याली, घरात सगळे होते. दुसरी दुपारी चारला. मी आत्तींना मोठ्या ऐटीत कॅनडा समजावून सांगितला. तिसरी व्याली रात्री अडीचला, जुलैचा पाऊस, लाईट गेलेली, वासरू उलटं, आणि डॉक्टर कराडला लग्नाला गेलेले.